मे महिन्यातलं हॉकी शिबिर : ऊन की मार?

पहाटे ५.३० : उन्हाळ्यात नागपुरात हॉकीचं शिबिर भरवायचं तर हीच वेळ, आठनंतर मैदानात उभं राहवत नाही. पोट्टे सायकलींवरून येतात. आधी शिनगार्ड, माउथगार्ड तपासतो, मग चेंडू काढतो.

६.४० : पेनल्टी कॉर्नरचा सराव. धावत पुढे आलेल्या १३ वर्षांच्या मुलाचं कानशील गोलरक्षकाच्या गुडघ्यावर आदळतं. तो लगेच उठतो, "काही नाही सर" म्हणतो आणि दुसऱ्याच संघाच्या बाजूला जाऊन उभा राहतो. मी मान तपासतो, बाजूला बसवून विचारतो, "आपण कोणत्या मैदानावर आहोत? शेवटचा गोल कोणी केला?" दुसऱ्या प्रश्नावर तो नुसता माझ्याकडे बघत राहतो. त्याचा आजचा खेळ तिथंच संपला. शुद्ध हरपली नाही म्हणून मेंदूला हादरा (कन्कशन) बसला नाही, असं नसतं. बहुतेक कन्कशनमध्ये मूल बेशुद्ध पडतच नाही.

७.१५ : त्याची आई येते. "ऊन लागलं असेल सर, आज खिशात कांदा ठेवायचा राहिला." आमच्याकडची खरी अडचण हीच. डोकं दुखणं, मळमळणं, भोवळ ही लक्षणं उन्हाचीही आणि कन्कशनचीही. पारा ४५ वर असला की दोष उन्हालाच जातो, पन्हं पाजलं जातं आणि संध्याकाळी पोरगं पुन्हा मैदानात. मेंदू सावरण्याआधी दुसरा मार बसला तर क्वचित जीवघेणी सूज येते, आणि ती बहुतेक कोवळ्या वयातच. "ताई, आजच डॉक्टरांना दाखवा, याला एकटं सोडू नका. पुन्हा पुन्हा उलटी, वाढती डोकेदुखी, झटके, हातापायांत अशक्तपणा, उठवूनही न उठणं, यातलं काहीही झालं तर थेट मेडिकल कॉलेजचं ट्रॉमा सेंटर गाठा."

११.०० : वडिलांचा फोन. डॉक्टरांनी काढायला लावलेला सीटी स्कॅन नॉर्मल आला. "मग उद्या पाठवतो." स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसतो, फ्रॅक्चर दिसतं, हादरा दिसत नाही. मी त्यांना क्रिकेटपटू जडेजाची आठवण करून देतो. २०२० मध्ये कॅनबेऱ्यात हेल्मेटवर चेंडू बसल्यावर तो क्षेत्ररक्षणाला उतरला नाही, त्याच्या जागी चहल खेळला. हे त्यांना पटतं.

संध्याकाळी ५.०० : वहीत त्याच्या मैदानावर परतण्याच्या पायऱ्या लिहितो. खेळातल्या कन्कशनवरच्या २०२२ च्या ॲमस्टरडॅम परिषदेत ठरल्या त्याच : २४ ते ४८ तास आराम आणि मोबाइल कमी, मग चालणं, हलकं पळणं, एकट्यानं स्टिकवर्क, टक्कर नसलेला सराव, पूर्ण सराव, शेवटी सामना. प्रत्येक पायरीला किमान २४ तास. इतर मुलांसोबतच्या सरावाआधी डॉक्टरांची लेखी परवानगी. महिनाही लागू शकतो.

रात्री ८.३० : पुन्हा फोन. डोकं थोडं दुखतंय, जेवला आहे. "रविवारच्या सामन्याचं काय?" नाही खेळणार. त्याची जागा संघात राहील, हे मी मुलाला स्वतः सांगतो. ती जाईल या भीतीनंच मुलं दुखणं लपवतात.

शिबिर घेणाऱ्या सगळ्यांना हात जोडून विनंती : डोक्याला मार लागल्याची शंका असेल, तर त्या मुलाला त्या दिवशी पुन्हा उतरवू नका.