परगावचा सामना, घरचा प्रेक्षक

शनिवारी संध्याकाळी साडेसातला भाच्याचा लिव्हरपूलहून फोन आला. तिकडे दुपारचे तीन वाजले होते. "मामा, तुमच्याकडं एव्हर्टनची मॅच लागलीय का बघा जरा." लागली होती. एव्हर्टन त्या दिवशी दुसऱ्या गावी खेळत होता. इथे वर्षाची वर्गणी भरली की मला असे सामने दिसतात. "मग फोन टीव्हीसमोर धरा," तो म्हणाला, "इथं दाखवत नाहीत." मी दोन उशा रचल्या आणि त्यांना फोन टेकवून ठेवला. सामना इंग्लंडमध्ये, पाहणारा इंग्लंडमध्ये, आणि पाहण्याची वाट मात्र कोल्हापुरातल्या माझ्या सोप्यातून!

असे तीन शनिवार गेले. चौथ्या शनिवारी माझ्या मनात आले, याला हा सामना का दिसत नाही? आणि आपण हे करतोय ते नेमके काय? माझे शिक्षण वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाला थांबले. पण एखादा प्रश्न डोक्यात शिरला की तो सुटेपर्यंत वाचत राहायचे, ही जुनी खोड आहे. त्या खोडीतून हा लेख झाला.

कोल्हापूरकराला 'परगावचा सामना' ही कल्पना आधी समजून घ्यावी लागते. आमच्याकडे फुटबॉल पेठांचा आणि तालमींचा. पाटाकडील तालीम असो, दिलबहार असो की खंडोबा, लीगला सगळे शाहू स्टेडियमवरच खेळतात. पाठीराख्याने चालत यायचे आणि चालत घरी जायचे. इंग्लंडच्या लीगमध्ये मात्र प्रत्येक संघ प्रत्येक प्रतिस्पर्ध्याशी एकदा स्वतःच्या मैदानावर आणि एकदा त्याच्या मैदानावर खेळतो. म्हणजे प्रीमियर लीगच्या ३८ सामन्यांपैकी १९ परगावी. त्या मैदानावर पाहुण्या पाठीराख्यांना साधारण ३,००० तिकिटे मिळतात. मैदान लहान असेल तर आसनसंख्येच्या दहा टक्के. २०१६ पासून या तिकिटाला ३० पौंडांची कमाल मर्यादा आहे, पण रेल्वेभाड्याला ती नाही. एव्हर्टनच्या नव्या मैदानात पन्नास हजारांवर माणसे बसतात. घरच्या सामन्याला येणाऱ्या या गर्दीतली बहुतेक माणसे परगावच्या सामन्याच्या दिवशी मागे राहतात. माझा लेख या मागे राहिलेल्यांचा आहे.

त्यांना टीव्हीवर सामना दिसत नाही, यामागे एक नियम आहे. युरोपीय फुटबॉल महासंघ सदस्य देशांना आठवड्याच्या अखेरीस अडीच तासांचा काळ राखून ठेवू देतो. त्या काळात फुटबॉलचे थेट प्रक्षेपण करता येत नाही. इंग्लंडने शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच हा काळ निवडला आहे. तीनला सुरू होणारे सामने त्यात अडकतात. २०२५ पासूनच्या करारात ब्रिटनमध्ये हंगामातल्या ३८० पैकी किमान २६७ सामने थेट दाखवायचे आहेत. पण हे सामने शनिवारी तीनच्या वेळेतले नसतात. वेळ बदलून ते दुपारी साडेबाराला, संध्याकाळी किंवा रविवारी नेले की दिसतात. तीनलाच राहिले तर त्या देशात अंधार. हा नियम तिथल्या हद्दीपुरता असल्याने आम्हाला तोच सामना स्वच्छ दिसतो.

आधी मला वाटले, हा पैशाच्या हावेचा प्रकार असावा. वाचत गेलो तसे मूळ कारण वेगळे निघाले. १० सप्टेंबर १९६० रोजी ब्लॅकपूल विरुद्ध बोल्टन हा लीगचा सामना इंग्लंडमध्ये प्रथमच टीव्हीवर थेट दाखवला गेला. क्लबांचे पोट तेव्हा तिकिटांच्या गल्ल्यावर चालत असे. लोक घरात बसून सामना पाहू लागले तर मैदानावर येणार कोण, या धास्तीने हा प्रयोग लगेचच गुंडाळला गेला. त्यानंतर लीगचे थेट प्रक्षेपण सुरू व्हायला १९८३ उजाडले. टीव्हीला सर्वांत कडवा विरोध होता बर्नली क्लबचे अध्यक्ष बॉब लॉर्ड यांचा. खाटिकाच्या धंद्यातून वर आलेल्या या गृहस्थांनी बीबीसीच्या कॅमेऱ्यांना आपल्या मैदानाचे दार काही वर्षे बंदच ठेवले होते. त्यांना मोठ्या क्लबांची काळजी नव्हती. मोठ्या संघांचा सामना घरबसल्या दिसला तर शेजारच्या लहान गावाचे मैदान ओस पडेल, ही भीती होती. तालमींच्या गावातल्या माणसाला ती भीती पटकन समजते.

पण प्रेक्षकाला पाहायचे असतेच. त्यासाठी त्या काळी निघालेली वाट मला या अभ्यासात सर्वांत लोभस वाटली. ऑक्टोबर १९६५ मध्ये कोव्हेंट्री सिटीचा सामना कार्डिफला होता. कोव्हेंट्रीचे व्यवस्थापक जिमी हिल मोठे कल्पक गृहस्थ होते. कार्डिफमधले चित्र खासगी तारेने कोव्हेंट्रीच्या मैदानावर आणले, तिथे मोठे पडदे उभारले आणि तिकिटे विकली. दहा हजारांवर लोक मोकळ्या मैदानाकडे तोंड करून बसले आणि शंभर मैलांहून लांब चाललेल्या सामन्यासाठी ओरडले. कोव्हेंट्री जिंकला. ११ मार्च १९६७ ला तर माझ्या भाच्याच्याच गावात याहून मोठा प्रकार घडला. एफ.ए. कपात एव्हर्टन आणि लिव्हरपूल एव्हर्टनच्या मैदानावर भिडले. लिव्हरपूलचे मैदान तिथून मैलभरही दूर नाही, मध्ये फक्त एक बाग आहे. तरी तिकिटे अपुरी पडली. मग लिव्हरपूलच्या मैदानावर पडदे लावले. प्रत्यक्ष मैदानात ६४,८५१ आणि पडद्यासमोर ४०,१४९, म्हणजे बरोबर एक लाख पाच हजार माणसांनी ॲलन बॉलने एव्हर्टनसाठी केलेला एकमेव गोल पाहिला.

या वाटेत गल्ला बुडत नव्हता आणि प्रेक्षक एकटा पडत नव्हता. मागे राहिलेली माणसे आपल्याच मैदानावर, आपल्याच शेजाऱ्याच्या खांद्याला खांदा लावून सामना पाहत होती. पुढे उपग्रह वाहिन्या आल्या, १९९२ मध्ये प्रीमियर लीग सुरू झाली आणि पाहणे घरात किंवा पबमध्ये गेले.

पबमधूनच नवी पळवाट निघाली. इंग्लंडमध्ये बंद असलेला शनिवारचा सामना ग्रीसमध्ये दिसत असे. पोर्ट्समथमधल्या एका पबच्या चालक कॅरन मर्फी यांनी ग्रीक वाहिनीचे डिकोडर कार्ड आणून पबमध्ये सामने लावले. ग्रीक कार्डाला वर्षाला सुमारे ८०० पौंड पडत. देशी वाहिनीला महिन्याला जवळजवळ तितकेच मोजावे लागत. खटला झाला, दंड आणि खर्च मिळून सुमारे ८,००० पौंड भरायची वेळ आली. त्या हटल्या नाहीत. प्रकरण युरोपीय न्यायालयात गेले आणि ४ ऑक्टोबर २०११ ला निकाल लागला. एका सदस्य देशाचे कार्ड दुसऱ्या देशात वापरण्यावर बंदी घालणे युरोपच्या मुक्त सेवांच्या तत्त्वाविरुद्ध आहे, असे न्यायालय म्हणाले. त्याहून मौजेचा भाग पुढे आहे. फुटबॉलचा सामना ही कुणाची साहित्यकृती नव्हे, तो नियमांनी बांधलेला खेळ आहे, त्यामुळे त्यावर लेखकासारखा हक्क सांगता येत नाही; पण सामन्याआधीची चित्रफीत, लीगचे गीत आणि पडद्यावरची नक्षी यांवर मात्र हक्क आहे! ती पबमध्ये दाखवायला परवानगी लागेल. फेब्रुवारी २०१२ मध्ये मर्फी यांची शिक्षा रद्द झाली. पुढे ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडले आणि ज्या तत्त्वावर हा निकाल उभा होता त्याचा तिथला आधारच गेला.

आज चोरून सामने दाखवणाऱ्यांचे जाळे इंटरनेटवर पसरले आहे. मे २०२३ मध्ये अशा एका टोळीला इंग्लंडमध्ये शिक्षा झाली, तिच्या सूत्रधाराला ११ वर्षांची कैद. हे वाचले त्या रात्री मी त्या दोन उशांकडे जरा निराळ्या नजरेने पाहिले. मी पैसे घेत नव्हतो, कबूल. पण माझी वर्गणी माझ्या घरापुरती होती. भाच्याला फोन करून सांगितले, "आता हे बंद करू या." तो दुखावला. म्हणाला, "मामा, मॅच माझ्या टीमची, आणि नियम तुम्ही मला सांगताय?" त्याला उत्तर द्यायला मला दोन महिने लागले.

उत्तर सरळ नाही. जर्मनीत शनिवार दुपारचे सामने पैसे भरून थेट दिसतात, तरी तिथली मैदाने ओसंडून वाहतात. करोनाकाळात, जून २०२० पासून, इंग्लंडनेही उरलेले सर्व ९२ सामने थेट दाखवले; मैदानेच रिकामी असल्याने वाचवायला गल्ला नव्हता. शिवाय आज मोठ्या क्लबांना प्रक्षेपणाच्या हक्कांतून अफाट पैसा मिळतो, आणि तोच सामना माझ्यासारख्या परक्याला विकला जातो. तेव्हा भाच्याची तक्रार खोटी नाही. मात्र लहान क्लब अजून तिकिटांवरच जगतात, हेही खोटे नाही. लिव्हरपूल शहराला लागून असलेल्या क्रॉस्बीतल्या मरीन क्लबचे उदाहरण घ्या. जानेवारी २०२१ मध्ये हा आठव्या पातळीवरचा क्लब कपात टॉटनहॅमशी खेळला. प्रेक्षकांना बंदी होती, म्हणून क्लबने दहा पौंडांची नुसती नावाची तिकिटे काढली. सामना बीबीसीवर फुकट दिसत असूनही तीस हजारांवर खपली. घेणाऱ्याला त्यातून खुर्ची मिळाली नाही की चित्रही. एका मैदानाचे दिवे चालू राहावेत म्हणून लोकांनी पैसे दिले. बॉब लॉर्ड यांनी जे सक्तीने मागितले, ते इथे राजीखुशीने मिळाले.

म्हणून माझे मत असे बनले आहे: शनिवारचा हा अंधार म्हणजे मागे राहिलेल्या प्रेक्षकाकडून घेतलेली एक वर्गणी आहे. ती कुणासाठी घेतो, हे त्याला कोणी सांगत नाही. वर्गणी घ्यायचीच असेल तर पावती तरी द्यावी. नाहीतर १९६५ सारखे पडदे उभारावेत आणि त्या दिवशीच्या गल्ल्यातला वाटा शेजारच्या लहान क्लबाला द्यावा.

हे सगळे मी भाच्याला लिहून पाठवले. तो काही बोलला नाही. पुढच्या परगावच्या शनिवारी त्याचा फोटो आला. क्रॉस्बीचे छोटे मैदान, कुंपणाला लागून घरांच्या मागच्या भिंती, आणि हा हातात चहा घेऊन उभा. एका कानात रेडिओची तार होती. खाली लिहिले होते, "मामा, मॅच मरीनची बघतोय. एव्हर्टन ऐकतोय. एक शून्यनं मागं आहे."