फर्दापूरच्या फाट्यावर उभी गाडी

अजिंठ्याच्या नकलांच्या नशिबी आगच होती. मद्रास फौजेतील रॉबर्ट गिल १८४४मध्ये नेमणूक झाल्यावर वर्षानुवर्षे लेण्यांत चित्रे उतरवत राहिला. त्यांतली बहुतेक डिसेंबर १८६६मध्ये लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जळाली. जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १८७२पासून केलेल्या नकलांपैकी अनेक १८८५ साली साउथ केन्सिंग्टनच्या आगीत गेल्या. गिलने कॅमेराही वापरला आणि १८६४मध्ये त्याची छायाचित्रे फर्ग्युसनच्या मजकुरासह प्रसिद्ध झाली. त्या काळच्या प्रचलित पद्धतीत काचेवर कोलोडियनचा थर देऊन, तो ओला असेपर्यंतच छायाचित्र घेऊन धुवावे लागे. आमच्याकडच्या मे महिन्यात तो थर किती वेळ ओला राहणार?

माझे नुकसान एवढे ऐतिहासिक नाही. मे २००४मध्ये आत्याला अजिंठा दाखवायला नेले होते. काढलेले दोन रोल गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवले आणि गाडी दिवसभर उन्हात राहिली. धुऊन आले तेव्हा रंग फिकट होऊन लालसर झाले होते. आत्या पुढच्या वर्षी गेली.

बंद गाडीत काय घडते? ऊन काचेतून आत येते, सीट आणि डॅशबोर्ड तापतात, त्यांची उष्णता आतली हवा तापवते आणि ती हवा बाहेर जाऊ शकत नाही. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात तासाभरात आतले तापमान सुमारे २२ अंशांनी वाढले, त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. खिडकी बोटभर उघडी ठेवूनही फारसा फरक पडला नाही. संभाजीनगरात बाहेरच ४२ अंश असतात. कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकात वापराची मर्यादा बहुधा ४० अंशच असते. उष्णतेने लिथियमची बॅटरी लवकर म्हातारी होते, चिकटवलेले रबर सुटते.

आता अजिंठ्याला खासगी गाडी फर्दापूरच्या फाट्यावर ठेवून बसने लेण्यांकडे जावे लागते, म्हणजे गाडी चार-पाच तास उन्हात. कॅमेरा सोबतच न्यावा. जादा लेन्स ठेवायचीच असेल तर डिकीत, थंड असतानाच, जाड थर्माकोलच्या पेटीत. आमच्याकडे कुणी गोधडीत गुंडाळतात, चालते. पण पेटी किंवा गोधडी उष्णता अडवते, मारत नाही. दुपार उलटली की आतही ऊब पोचतेच.

खरा चोर मात्र पावसाळ्यात येतो. ऑगस्टात वेरूळला एसी लावून गेलो आणि उतरताच लेन्स दुधासारखी पांढरी झाली. २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू सुमारे २५ अंश. एसीत २२ अंशांवर आलेल्या काचेवर पाणी बसणारच. पुसणे हा उपाय नव्हे. एसीतून बाहेर पडण्यापूर्वीच कॅमेरा चेनच्या पिशवीत बंद करावा आणि अर्धा तास तसाच ठेवावा. दव पिशवीवर बसते, काचेवर नाही. किंवा पोचण्याआधी पंधरा मिनिटे एसी बंद करून खिडक्या उघडाव्यात. सोबतचे लोक कुरकुर करतील, करू द्यावी.

ओलसर बॅग गाडीत सोडणे सर्वांत वाईट, हे मला उशिरा कळले. दिवसा उष्णतेने कापडातला ओलावा हवेत येतो, रात्री गाडी थंडावली की तोच भिंगावर बसतो. आर्द्रता दीर्घकाळ साठ-पासष्ट टक्क्यांवर राहिली की भिंगात बुरशी धागे पसरते आणि काचेवरचा थर खाते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक ठेवून काटा चाळीस ते पन्नासच्या दरम्यान ठेवावा. रंग बदललेले जेल पुन्हा वाळवून वापरता येते. मात्र निळ्या दाण्यांत कोबाल्ट असते, ते स्वयंपाकाच्या भांड्यात तापवू नयेत.

त्या दोन रोलमधली एकच फ्रेम ओळखू येण्याजोगी आहे. सतराव्या लेण्याच्या दारात आत्या पदराने घाम पुसते आहे. ती प्रिंट आता घरच्या त्याच डब्यात, जेलच्या पुडीशेजारी आहे.