पिवळी, तांबडी, काळी

सकाळी साडेसहा

मे महिन्यात आवडीत दुकान उघडायचं ते ऊन चढायच्या आत. अग्नी नक्षत्रम चालू आहे, तमिळ पंचांगातले कडक उन्हाचे दिवस. अकरानंतर चेन्नई–तिरुवळ्ळूर रस्त्यावर उभ्या गाडीच्या दाराला हात लावला तर चटका बसतो. डॅशबोर्डाखाली डोकं घालून ज्याचं काम चालतं, त्याने त्याआधी जेवढं उरकेल तेवढं उरकावं.

समोरून हेवी व्हेइकल्स फॅक्टरीकडे जाणाऱ्या दुचाक्यांची रांग लागते. माझे वडील याच फॅक्टरीत होते. अंबरनाथहून बदली होऊन आले आणि विजयंता रणगाड्याच्या वायरिंगवर उमेदीची वर्षं घालवली. कारखाना १९६१ चा. पहिला विजयंता तिथून १९६५ साली बाहेर पडला. घरात मराठी, दाराबाहेर तमिळ, असं आमचं वाढणं झालं. वडिलांनी एक गोष्ट मनावर बिंबवली: वायर पत्र्याला जिथे घासते तिथे ती आज ना उद्या कापणार, म्हणून आधी रस्ता बघायचा, मग वायर ओढायची. रणगाड्याची वीज चोवीस व्होल्टची, मोटारीची बाराची, पण हा नियम दोन्हीकडे तोच.

माझं दुकान मोटारींच्या वायरिंगचं. हल्ली त्यात डॅशकॅमचं काम वाढलंय. कॅमेरा काचेवर चिकटवायला पाच मिनिटं पुरतात. त्याला वीज कुठून द्यायची, किती द्यायची आणि कधी तोडायची, यात सकाळ जाते.

सात

विट्याचे काका गाडी घेऊन आले. साहुकारपेठेत त्यांचं गलाईचं दुकान आहे. खानापूर, आटपाडी या दुष्काळी तालुक्यांतली माणसं सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात देशभर पसरली, त्यातलंच हे एक घर. पुतणीचं लग्न आहे, परवा निघायचं. बंगळूर, हुबळी, बेळगाव, कोल्हापूर करत हजारेक किलोमीटर.

"पाव्हणं, रात्री गाडी लॉजच्या भाईर उभी असंल, तवा बी कॅमेरा चालला पायजे बघा."

"चालेल काका. पण तो खाईल बॅटरी. तेवढा हिशेब आधी करू."

हा हिशेब मी गाडीला हात लावायच्या आधी करतो, आणि गिऱ्हाइकासमोर करतो. कारण कॅमेरा विकणारा 'चोवीस तास पहारा' एवढंच सांगतो; पहारेकऱ्याचा पगार कोण देतो ते सांगत नाही. काकांची गाडी पेट्रोलची, बॅटरी ४५ अँपिअर-अवरची. पुढचा-मागचा मिळून कॅमेरा पार्किंगमध्ये साधारण पाव अँपिअर घेतो. म्हणजे चोवीस तासांत सहा अँपिअर-अवर. गाडीची स्वतःची घड्याळं, कुलपं, कॉम्प्युटर यांना आणखी एखादा. साडेतीन दिवस गाडी हलली नाही तर निम्म्याहून जास्त बॅटरी गेली. अशी वरचेवर निम्म्याखाली उतरली तर शिसं-आम्लाची बॅटरी लवकर म्हातारी होते, आणि आवडीच्या उन्हात तर ती आधीच लवकर थकलेली असते.

मल्टिमीटर लावला. १२.५. चांगली आहे, पूर्ण भरलेली बारा व्होल्टची बॅटरी विश्रांतीत १२.६ ते १२.७ दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी, आणि ११.८ म्हणजे जवळजवळ तळ. जोडणीच्या किटवर व्होल्टेज तोडायची खिटी आहे: ११.६, ११.८, १२.०, १२.२. बॅटरी त्या आकड्याला उतरली की किट कॅमेऱ्याची वीज बंद करतं. पुष्कळ जण ११.६ वर ठेवून मागतात, रेकॉर्डिंग जास्त मिळतं म्हणून. मी विचारतो, सकाळी स्टार्टर फिरला नाही तर ते रेकॉर्डिंग बघत बसणार का?

काकांचा सगळा जन्म गुंजा-माशांच्या मापात गेलेला. त्यांनी दोन प्रश्न विचारले आणि म्हणाले, "बारा पॉइंट दोनवर ठेवा. लॉजवर एक रात्र तर निघती न्हवं?" एक रात्र आरामात निघते. ते रिक्षाने स्टेशनवर गेले, गाडी ठेवून.

साडेसात ते अकरा

किटमधून तीन वायरी निघतात. पिवळी कायमच्या विजेला, तांबडी चावी फिरवल्यावर येणाऱ्या विजेला, काळी गाडीच्या अंगाला म्हणजे अर्थला. दुसऱ्या टोकाला कॅमेऱ्याला लागणारे पाच व्होल्ट. पिवळीतून पोट भरतं. तांबडी कॅमेऱ्याला कळवते की गाडी चालू झाली की बंद. तांबडीची वीज गेली की कॅमेरा पार्किंगमध्ये जातो आणि धक्का बसला किंवा समोर काही हललं तरच नोंद ठेवतो. तिघींपैकी कोणतीही चुकीच्या जागी लागली तर कॅमेरा चालताना दिसतो, पण काम भलतंच करतो.

फ्यूज बॉक्स ड्रायव्हरच्या उजव्या गुडघ्यापाशी आहे. झाकणाच्या आतल्या बाजूला नकाशा छापलेला असतो. त्यावरून उमेदवार ठरतात, पण निकाल मीटरच देतो. आतल्या दिव्याचा फ्यूज १० अँपिअरचा, तांबडा: चावी बंद, तरी बारा व्होल्ट. पिवळीसाठी हा. सिगरेट-सॉकेटचा १५ चा, निळा: चावी बंद केली की शून्य. की खरंच शून्य? काही गाड्यांत ही वीज लॉक केल्यावरही काही मिनिटं रेंगाळते. म्हणून दुकानात हाताखाली काम करणाऱ्या पोराला, तंबीला, गाडी लॉक करायला सांगितली आणि चहा होईपर्यंत थांबलो. मग पुन्हा मीटर. शून्य. तांबडीसाठी हा.

एअरबॅग, ब्रेकचं एबीएस, इंजिनचा कॉम्प्युटर यांच्या फ्यूजांकडे मी बघतही नाही. रिकामी जागा असली, नकाशात सोयीची दिसली, तरी नाही. आणि तिथे जुन्या पद्धतीचा बल्बवाला टेस्टर तर मुळीच नको. तो बल्ब स्वतः करंट ओढतो.

आता फ्यूज टॅप. मूळ फ्यूज काढायचा, त्या जागी टॅप बसवायचा. टॅपवर दोन घरं, एकात गाडीचा मूळ फ्यूज, दुसऱ्यात कॅमेऱ्याचा ३ अँपिअरचा जांभळा. वायर कापायची नाही, सोलायची नाही. उद्या कॅमेरा नको झाला तर टॅप उपटला की गाडी होती तशी. वॉरंटीचा प्रश्न निघाला तरी दाखवायला कापलेली वायर नसते.

टॅप मात्र उलटाही बसतो, आणि उलटा बसला तरी कॅमेरा चालतो. म्हणूनच ही चूक वर्षानुवर्षं कुणाला कळत नाही. मूळ फ्यूज काढल्यावर घरातल्या दोन पट्ट्यांपैकी एकीवर बारा व्होल्ट येतात, दुसरीवर काही नाही. टॅपचा जो पाय दोन्ही फ्यूजांना वीज पुरवतो तो त्या जिवंत पट्टीत गेला पाहिजे. तसा गेला तर दोन्ही फ्यूज आपापला भार सांभाळतात. उलटा गेला तर कॅमेऱ्याचा भारही गाडीच्या मूळ फ्यूजमधून वाहतो. तंबीला मी दर वेळी मीटर लावून दाखवायला लावतो. आज त्याने न सांगता लावला.

काळी वायर. लोक हिला सर्वांत कमी महत्त्व देतात आणि माझ्याकडे परत येणाऱ्या तक्रारींत हीच जास्त असते. रंगवलेल्या पत्र्यावरचा स्क्रू हा अर्थ नव्हे. प्लास्टिकची पट्टी धरणारा स्क्रू तर नव्हेच. किक पॅनलमागे कंपनीने स्वतःच्या अर्थ-वायरी जिथे आवळल्यात तो १० नंबर पान्याचा बोल्ट शोधला, त्याखाली लग दिली, मीटरने बोल्ट ते बॅटरीचा मायनस रोध मोजला. जवळजवळ शून्य. मग पुढे.

सर्वांत जपून करायचं काम यानंतरचं: कॅमेऱ्याची केबल काचेवरून खाली आणणं. आरशामागून छताच्या कापडाच्या कडेत ती बोटाने सरकत जाते. खांबापाशी आल्यावर थांबायचं. काकांच्या गाडीला सहा एअरबॅगा आहेत. खांबाच्या प्लास्टिकवर तसं कोरलंय. आत पडद्याची एअरबॅग गुंडाळी होऊन पडलेली असते. केबल तिच्या पुढून नेली तर अपघाताच्या क्षणी एकतर ती एअरबॅगच्या वाटेत येते, नाहीतर तिच्यासोबत माणसाच्या तोंडावर येते. म्हणून आधी बॅटरीचा मायनस काढला, थोडा वेळ जाऊ दिला, खांबाचं आवरण क्लिपांवरून सोडवलं, आणि केबल एअरबॅगच्या मागून, गाडीच्या मूळ वायरजुडग्याला बांधून खाली उतरवली. कापडी टेपने. साधी काळी प्लास्टिक टेप या हवेत दोन उन्हाळ्यांत चिकट होऊन सुटते.

घाईत काम उरकणारे केबल खांबावरच्या रबरात खोचून मोकळे होतात. आवरण काढायला लागणारा अर्धा तास वाचतो. तो अर्धा तास मी कुणालाही सोडून देणार नाही, गिऱ्हाईक बाहेर हॉर्न वाजवत असलं तरी.

शेवटी एफएम लावला. सूर्यन, ९३.५, स्वच्छ. स्वस्त किटमधला बारा-पाच करणारा भाग रेडिओत खरखर घालतो. ती आली तर किटची जागा बदलायची.

साडेअकरा

एक गाडी जंपर लावून चालू करून आणलेली. मालक आठवडाभर बाहेरगावी, गाडी विमानतळावर. परत आले तर कुलूपसुद्धा उघडेना. कॅमेरा दुसरीकडून बसवून घेतलेला. डॅशबोर्डाखाली पाहिलं: पिवळी आणि तांबडी एकत्र पिळून एकाच कायमच्या वायरीला जोडलेल्या, फ्यूज नाही, वर टेप. तांबडीला कधीच कळलं नाही की गाडी बंद झाली. कॅमेरा रात्रंदिवस पूर्ण रेकॉर्डिंग करत राहिला. बॅटरी गेली हे परवडलं. बिनफ्यूजची ती वायर कुठे पत्र्याला घासून उघडी पडली असती तर पेटली असती, कारण मोटारीच्या बॅटरीला शॉर्ट मिळाला की ती शेकडो अँपिअर ओतते. जोड काढला, कापलेली मूळ वायर सोल्डर करून पूर्ववत केली. टॅप उद्या.

दीड

जेवण, आणि शटर अर्धं खाली. या वेळेला बंद गाडीत काचेमागे साठ अंशांच्या वर तापमान जातं. म्हणून लिथियम सेलच्या कॅमेऱ्यापेक्षा कपॅसिटरवाला घ्या, असं मी इथल्या प्रत्येकाला सांगतो. तापून फुगलेले सेल पाहिलेत. कार्डही सतत लिहिणं सोसणारं हवं. मोबाइलमधलं जुनं कार्ड घातलं तर ते काही महिन्यांत मान टाकतं आणि कॅमेरा गुपचूप काही न लिहिता बसून राहतो.

साडेतीन

कामाचं विशेष काही नाही. एकांना नव्या एक्सटरबद्दल विचारायचं होतं. ही गाडी २०२३ साली आली ती वरच्या प्रकारांत कंपनीचाच डॅशकॅम घेऊन, आणि ती बनते आपल्या शेजारी, श्रीपेरुंबुदूरजवळच्या इरुंगाट्टुकोट्टैला. मला यात आनंद वाटतो. वायरिंग कारखान्यातच गेलं तर खांबातलं ते धोक्याचं काम कुणा नवख्याच्या हातात पडत नाही.

पाच

टॅक्सीवाला अण्णा धापा टाकत आला. पट्टाभिरामला मागून व्हॅनने ठोकलं, व्हॅनवाला म्हणतो तूच रिव्हर्स घेतलास. कॅमेरा मी बसवलेला. त्याने व्हिडिओ मोबाइलवर घेऊन चार जणांना पाठवलाही होता.

मी आधी कार्ड काढायला लावलं. कॅमेरा जुनं पुसून त्यावर नवं लिहितो. गाडी चालवत राहिला असता तर दोन-चार दिवसांत पुरावा गेला असता. भारतीय साक्ष्य अधिनियम १ जुलै २०२४ पासून लागू आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणे अशा नोंदीसोबत प्रमाणपत्र लागतं, दोन भागांचं: एक उपकरण ज्याच्या ताब्यात त्याचं, दुसरं तज्ज्ञाचं, आणि त्यात फाइलचा हॅश आकडा लिहावा लागतो. पाठवापाठवीत फाइल दाबली जाते, मग हॅश बदलतो. म्हणून मूळ कार्ड पाकिटात, पाकिटावर तारीख, आणि थेट वकिलाकडे. तारीख-वेळ तपासली: बरोबर. कॅमेऱ्याचं घड्याळ चुकीचं असेल तर समोरचा वकील पहिलं बोट तिथेच ठेवतो. म्हणून गाडी देताना घड्याळ लावून देणं मी माझ्याच कामात धरतो. दुसरं कार्ड घालून अण्णाला धंद्यावर धाडलं.

साडेसहा

काकांच्या गाडीची शेवटची तपासणी. बोनेट उघडं, ड्रायव्हरचं दार उघडं, पण दाराच्या कुलपाची जीभ पेचकसाने बंद केली. गाडीला वाटतं दार लागलं. मीटर मायनसच्या मालिकेत. लॉक केल्यावर गाडीचे कॉम्प्युटर एकेक करून झोपतात, त्याला वीसेक मिनिटं लागतात. कॅमेऱ्याचे फ्यूज काढून ०.०३ अँपिअर. घालून ०.२७. सकाळचा हिशेब जुळला.

काका आले. बिल दिलं, कॅमेऱ्यात स्वतःचा चेहरा पाहिला, मग विचारलं, "आन लग्नात धा दिस गाडी वाड्यात उभी ऱ्हाईल, तवा?"

"तेव्हा पहारा नको. बारा पॉइंट दोनला किट थांबेल, पण निम्मी बॅटरी घेऊन थांबेल. लग्नघरात गाडी कधीही लागते. हा जांभळा फ्यूज काढून ठेवायचा, निघताना घालायचा."

प्लास्टिकचा चिमटा त्यांच्या हातात दिला. चष्मा कपाळावर सारून ते वाकले, पहिल्या खेपेला निळ्याला चिमटा लावला, मी काही बोलायच्या आत स्वतःच थांबले, शेजारच्या टॅपवर आले, जांभळा ओढून काढला आणि परत घातला. कॅमेऱ्याचा दिवा लागला. मग म्हणाले, "आता एकदा अंधारात करून बघतो," आणि मी धरलेली बॅटरी विझवायला लावली.