मीटरपासून पार्किंगपर्यंतची वायर

विजेवर चालणाऱ्या गाडीचे पोट बहुधा रात्री, मालक झोपेत असताना भरते. स्वतंत्र घरात राहणाऱ्याला यात फारशी अडचण नसते. भिंतीवर १५ अँपिअरचे सॉकेट आणि नीट अर्थिंग असले की काम भागते. मुंबई-पुण्यातला ग्राहक मात्र राहतो सहाव्या मजल्यावर, त्याची गाडी उभी राहते स्टिल्ट पार्किंगमध्ये आणि मीटर असतो तिसऱ्याच ठिकाणी, मीटर रूममध्ये. गाडी पसंत शोरूममध्ये पडते; ती सुखाने वापरता येईल की नाही, हे मात्र मीटरपासून पार्किंगपर्यंतच्या वायरवर ठरते.

स्कूटरचे गणित सोपे आहे. बॅटरी साधारण ३ ते ४ युनिटांची, म्हणजे घरच्या साध्या सॉकेटवर काही तासांत भरणारी. काही स्कूटरची बॅटरी काढून घरात नेता येते. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तो रोजचा व्यायाम होतो.

मोटारीची बॅटरी ३० युनिटांची धरली, तर १५ अँपिअरच्या सॉकेटवरून ती पूर्ण भरायला दहा तास किंवा थोडे अधिक लागतात. हा आकडा ऐकून अनेकजण धास्तावतात. पण रोज ३० किलोमीटर फिरणारी मोटार दिवसाला जेमतेम ५ युनिट खाते, आणि तेवढी वीज पावणेदोन तासांत भरून निघते. त्यामुळे ७.२ किलोवॉटचा भिंतीवरचा चार्जर प्रत्येकाला लागतोच असे नाही. तो बसवायचा तर बहुधा मंजूर भार वाढवून घ्यावा लागतो. साध्या सॉकेटसाठीही भार तपासावा, कारण मोटार एकटीच ३ किलोवॉटच्या आसपास ओढते.

बिलाचा हिशेब करताना टप्पे विसरू नयेत. महिन्याला ९०० किलोमीटर म्हणजे सुमारे १५० युनिट. महावितरणच्या घरगुती दरात १०० आणि ३०० युनिटांनंतर दर चढतो. घरात आधीच २०० युनिट जळत असतील, तर मोटारीची शेवटची ५० युनिटे महागड्या टप्प्यात जातात. वीज नियामक आयोगाने वाहन चार्जिंगसाठी वेगळा दरवर्ग ठेवला आहे. जास्त फिरणाऱ्याने त्या वर्गातला वेगळा मीटर परवडतो का, हे पाहावे. सार्वजनिक केंद्रावर १८ टक्के जीएसटीही भरावा लागतो. घरच्या विजेवर तो नाही.

सर्वांत जास्त वेळ जातो तो सोसायटीत. वाहन चार्ज करणे ही सेवा आहे, वीजविक्री नव्हे, म्हणून त्यासाठी परवाना लागत नाही, असे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने २०१८ मध्येच स्पष्ट केले. स्वतःच्या घरच्या जोडणीवरून गाडी चार्ज करण्याची मुभाही मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. तरी केबल सामायिक जागेतून जाते, त्यामुळे कमिटीला विचारावेच लागते. अर्जासोबत केबलचा मार्ग, भार आणि परवानाधारक वायरमनचे नाव दिले, तर चर्चा लवकर आटोपते. जिन्यातल्या दिव्यांच्या जोडणीवरून गुपचूप चार्जिंग करणाऱ्याचा विषय मात्र सर्वसाधारण सभेत हमखास निघतो, आणि निघायलाच हवा. सामायिक चार्जर असेल, तर त्याला सबमीटर हवाच.

कमिटीची खरी भीती आगीची असते. २०२२ मध्ये देशात ई-स्कूटर पेटल्याच्या घटना घडल्या. त्यानंतर दुचाकींच्या बॅटरीसाठीचे एआयएस-१५६ हे मानक कडक झाले. पार्किंगमधला धोका मात्र अनेकदा बॅटरीबाहेर, सैल प्लगमध्ये आणि एक्स्टेन्शन बोर्डात असतो. गिझर पंधरा मिनिटांत बंद होतो, पण मोटार तासन् तास तेवढाच भार ओढत राहते. सैल जोड तापतो, प्लास्टिक वितळू लागते. म्हणून मीटरपासून स्वतंत्र, ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, स्वतःचा एमसीबी, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि पावसाचे पाणी न पोचणारे औद्योगिक सॉकेट एवढा खर्च टाळू नये. अंतर लांब असेल तर वायर आणखी जाड लागते.

जुन्या इमारतींत पुढचा प्रश्न एकूण भाराचा आहे. दोन मोटारी असेपर्यंत कोणाच्या लक्षातही येत नाही. वीस मोटारी रात्री आठला एकदम जोडल्या आणि त्याच वेळी एसीही चालू असले, तर मुख्य केबल पुरत नाही. अशा ठिकाणी सोसायटीने आधी एकूण मंजूर भार तपासून घ्यावा आणि वीज आळीपाळीने वाटून देणारे चार्जर बसवावेत. ते गाड्या मध्यरात्रीनंतर एकेक करून भरतात.