‘नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश’ आणि रुग्णाचे गुपित

मीरा-भाईंदरमधल्या सिल्व्हर पार्क परिसरात संध्याकाळ झाली की दवाखान्यांच्या पाट्या उजळतात. कुठे जनरल प्रॅक्टिशनर, कुठे दातांचा दवाखाना, कुठे रक्त तपासणी केंद्र, शेजारी औषधांचे दुकान. बहुतेक ठिकाणी टेबलावर संगणक आणि बाजूला प्रिंटर असतो. अशा एखाद्या दवाखान्यात ऐन गर्दीच्या वेळी प्रिंटर बंद पडतो. फोन केल्यावर दुरुस्तीवाला मुलगा येतो, नवा प्रिंटर जोडतो आणि त्याचा ‘ड्रायव्हर’ टाकायला घेतो. पडद्यावर एकामागून एक चौकटी उघडतात. तो त्या न वाचता ‘नेक्स्ट, नेक्स्ट, आय अ‍ॅग्री, फिनिश’ करत जातो. पाच मिनिटांत चिठ्ठी छापून बाहेर येते आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो.

त्या पाच मिनिटांत कोणीतरी कशाला तरी संमती दिलेली असते. कशाला, ते डॉक्टरांना ठाऊक नसते आणि त्या मुलालाही नसते. बाहेर बाकावर बसलेल्या पेशंटला तर कोणी विचारलेलेही नसते.

सगळ्या चिठ्ठ्या पाहणारा कंपाउंडर

ड्रायव्हर म्हणजे संगणक आणि त्याला जोडलेले यंत्र यांच्यातला दुभाषा. कीबोर्ड, माउस, प्रिंटर, ध्वनी, चित्र, स्कॅनर या प्रत्येकासाठी असा एक छोटा प्रोग्रॅम लागतो. जुन्या दवाखान्यातल्या कंपाउंडरसारखे त्याचे काम असते. डॉक्टरांची चिठ्ठी वाचल्याशिवाय कंपाउंडरला औषध देता येत नाही, म्हणून प्रत्येक चिठ्ठी त्याच्या नजरेखालून जाते. त्याने चिठ्ठी वाचण्यात गैर काही नाही. पण तो घरी जाऊन वहीत कोणाला काय झाले हे लिहून ठेवत असेल, किंवा ती वही कंपनीच्या माणसाला देत असेल, तर गोष्ट वेगळी होते.

अनेक ड्रायव्हर ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये चालतात. तिथे साध्या प्रोग्रॅमवर असणारी बंधने नसतात. म्हणूनच विंडोजमध्ये अशा ड्रायव्हरवर डिजिटल सही असावी लागते. मात्र ही सही ड्रायव्हर कोणाकडून आला एवढेच सांगते, तो काय काय टिपून ठेवतो ते सांगत नाही. शिवाय आज ड्रायव्हर एकटा येत नाही. त्याच्या पॅकेजमध्ये अपडेट शोधणारा, खाते उघडायला लावणारा, वापराची माहिती कंपनीला कळवणारा असे आणखी दोन-तीन प्रोग्रॅम असतात. बरीचशी माहिती गोळा होते ती या सोबत्यांकडून.

घडलेल्या गोष्टी

मे २०१७ मध्ये मॉडझीरो या स्विस सुरक्षा संस्थेने एचपीच्या काही लॅपटॉपमधला दोष उघड केला. त्यातला ध्वनीचा ड्रायव्हर कोनेक्संट या कंपनीचा होता. वापरणाऱ्याने माइक बंद करण्याचे बटण दाबले की नाही, एवढेच त्याला ओळखायचे होते. त्यासाठी तो प्रत्येक बटणाकडे लक्ष ठेवत होता, आणि दाबलेले प्रत्येक अक्षर साध्या फाइलमध्ये लिहून ठेवत होता. त्या लॅपटॉपवरचा कोणताही वापरकर्ता ती फाइल उघडू शकत होता. नव्याने लॉग-इन केले की जुनी नोंद पुसली जाई, पण फाइलींचा बॅकअप घेतला जात असेल तर ती तिथे टिकून राहण्याची शक्यता होती. चाचणीसाठी लिहिलेला भाग चुकून राहून गेला, ही माहिती आपल्यापर्यंत आलेली नाही, असे कंपनीने सांगितले आणि दुरुस्ती दिली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये एचपीच्याच ४६० हून अधिक मॉडेलमधल्या टचपॅडच्या ड्रायव्हरमध्येही बटणे टिपण्याची सोय सापडली. ती मुळात बंद अवस्थेत होती आणि तिच्यासाठीही दुरुस्ती आली.

दवाखान्याच्या संदर्भात याचा अर्थ गंभीर आहे. क्षयरोग २०१२ पासून नोंदणी बंधनकारक असलेला आजार आहे. खासगी डॉक्टरांनाही क्षयरुग्णाची माहिती शासनाला कळवावी लागते आणि ‘निक्षय’ पोर्टल त्यासाठीच आहे. रुग्णाचे नाव, पत्ता, फोन, निदान हे सगळे कीबोर्डवरूनच जाते. पोर्टल कितीही सुरक्षित असले, तरी बोट आणि पोर्टल यांच्या मधेच कोणी लिहून घेत असेल तर पोर्टलची कडी-कुलपे काय कामाची?

या दोन घटना कंपन्यांच्या मते चुकीने किंवा चाचणीच्या सोयीतून घडल्या. काही ठिकाणी मात्र माहिती घेणे ही ठरवून केलेली गोष्ट असते. २०२० मध्ये रॉबर्ट हीटन या सॉफ्टवेअर अभियंत्याने वॅकॉम कंपनीच्या चित्र काढायच्या टॅब्लेटचा ड्रायव्हर तपासला. संगणकावर कोणताही प्रोग्रॅम उघडला की त्याचे नाव आणि वेळ गूगल अ‍ॅनालिटिक्सकडे जात असल्याचे त्याला दिसले. उत्पादनाच्या दर्जासाठी ही माहिती घेतो आणि ती बंद करता येते, असे कंपनीने स्पष्ट केले. २०२३ मध्ये इंटेलच्या ग्राफिक्स ड्रायव्हरसोबत ‘संगणन सुधार कार्यक्रम’ नेहमीच्या इन्स्टॉलमध्ये आपोआप येऊ लागल्याची चर्चा झाली. हा कार्यक्रम संकेतस्थळांचे पत्ते घेत नाही, पण ती कोणत्या प्रकारची आहेत ते नोंदवतो. तो नको असेल तर ‘कस्टम’ पर्याय निवडून खूण काढावी लागते.

नुसते नावही पुरते

‘आम्ही मजकूर वाचत नाही, फक्त वापर पाहतो’ हे स्पष्टीकरण गेम खेळणाऱ्यासाठी कदाचित पुरेसे असेल. आरोग्याच्या बाबतीत ते पुरत नाही. रोज सकाळी इन्शुलिनचा हिशेब ठेवणारे अ‍ॅप उघडणाऱ्या माणसाला मधुमेह आहे, हे सांगायला आतला आकडा लागत नाही. वंध्यत्व उपचाराचे, समुपदेशनाचे किंवा डायलिसिसच्या वेळापत्रकाचे सॉफ्टवेअर त्याच्या नावानेच बोलते. ते रात्री तीन वाजता उघडले असेल, तर ती वेळही काही सांगून जाते.

‘माहिती निनावी असते’ हा दुसरा दिलासा. तोही तपासून घ्यावा. अमेरिकेतल्या संशोधक लतान्या स्वीनी यांनी नाव काढून टाकलेल्या रुग्णालयीन नोंदी मतदार यादीशी पडताळून मॅसेच्युसेट्सच्या तत्कालीन गव्हर्नरची नोंद ओळखून दाखवली होती. पिनकोड, जन्मतारीख आणि लिंग या तीन गोष्टींवरून अमेरिकेतले ८७ टक्के लोक वेगळे ओळखू येऊ शकतात, असा त्यांचा २००० सालचा अंदाज होता.

आपल्याकडे एका पिनकोडमध्ये माणसे जास्त असतात, म्हणून हिशेब शहराचाच करून पाहू. २०११ च्या जनगणनेनुसार मीरा-भाईंदरची लोकसंख्या सुमारे ८ लाख ९ हजार होती. वर्षाचे ३६५ दिवस, ढोबळमानाने ८० वर्षांचे आयुष्य आणि स्त्री-पुरुष असे दोन गट धरले, तर ५८,४०० गट होतात. म्हणजे एकाच जन्मतारखेचे आणि एकाच लिंगाचे अख्ख्या शहरात सरासरी १४ जण. त्यात ‘आठवड्यातून दोनदा डायलिसिस’ एवढी एकच गोष्ट जोडली, की बहुधा एकच माणूस उरतो.

महाराष्ट्राचा नको असलेला पहिला क्रमांक

हे सारे परदेशातले वाटू नये. ग्रीनबोन नेटवर्क्स या जर्मन संस्थेने जगभरातले एक्स-रे, सीटी स्कॅन आणि एमआरआय साठवणारे सर्व्हर तपासले होते. त्यातले अनेक पासवर्डशिवाय इंटरनेटवर उघडे होते. फेब्रुवारी २०२० मध्ये भारताबद्दलचे आकडे बातम्यांमध्ये आले, तेव्हा राज्यांच्या यादीत महाराष्ट्र सर्वात वर होता. आपल्या राज्यातल्या तीन लाखांहून अधिक नोंदी आणि सुमारे सात कोटी प्रतिमा कोणालाही पाहता येतील अशा होत्या. संस्थेच्या म्हणण्यानुसार अशा नोंदींसोबत रुग्णाचे नाव, जन्मतारीख, दवाखाना आणि डॉक्टर असे तपशीलही होते.

हा प्रकार ड्रायव्हरचा नव्हता, पण दोन्हींची जातकुळी एकच आहे. यंत्र जोडून दिले, चित्र दिसू लागले, काम सुरू झाले, आणि मूळ सेटिंग कोणी पुन्हा उघडून पाहिलेच नाही. चालू झाले म्हणजे नीट झाले, हा समज दोन्हींकडे घात करतो.

कायदा कोणाच्या बाजूने

रुग्णाच्या घरातल्या गोष्टी बाहेर सांगू नयेत, ही ताकीद चरकसंहितेत वैद्यकीच्या शिष्याला दिलेली आहे. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमावलीतही गोपनीयता हे डॉक्टरांचे कर्तव्य आहे. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणाला मूलभूत हक्क मानले. त्याच वर्षीच्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला. २०१८ पासून लागू असलेल्या एचआयव्ही-एड्स कायद्याने तर अशा नोंदी ठेवणाऱ्या प्रत्येक आस्थापनेवर माहितीच्या संरक्षणाची जबाबदारी टाकली.

२०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमतीबद्दल नेमके बोलतो. संमती मोकळेपणाने, माहिती घेऊन, ठराविक कारणासाठी आणि स्पष्ट कृतीने दिलेली असावी. सुरक्षेत कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. या कसोटीवर दुरुस्तीवाल्याने दाबलेले ‘आय अ‍ॅग्री’ कितपत उतरते? निदान रुग्णाची संमती म्हणून तरी ते मुळीच उतरत नाही.

दवाखान्याने काय करावे

• ड्रायव्हर उत्पादकाच्या अधिकृत संकेतस्थळावरून किंवा विंडोज अपडेटमधूनच घ्यावा. ‘सगळे ड्रायव्हर फुकट अपडेट करतो’ म्हणणारे प्रोग्रॅम दवाखान्याच्या संगणकावर नकोत.

• इन्स्टॉल करताना ‘कस्टम’ निवडावे. ‘उत्पादन सुधारणा’, ‘वापरकर्ता अनुभव’ अशा नावाच्या चौकटींतली खूण काढावी. छपाईसाठी साधा ड्रायव्हर बहुधा पुरतो.

• आधीच घातलेल्या ड्रायव्हरची सेटिंग एकदा उघडून पाहावी. विंडोजच्या प्रायव्हसी विभागात निदानासाठी पाठवली जाणारी माहिती किमान पातळीवर ठेवावी.

• घाबरून अपडेट बंद करू नयेत. वर सांगितलेल्या लॅपटॉपमधले दोष अपडेटनेच दुरुस्त झाले.

• रुग्णांच्या नोंदींचा संगणक वेगळा ठेवावा. त्यावर रोजचे काम अ‍ॅडमिन खात्यातून करू नये. डिस्क एन्क्रिप्ट करावी, आणि संगणक विकताना ती पूर्ण पुसून द्यावी.

• देखभालीचा करार करताना विचारावे: काय टाकले, ते कोणाला माहिती पाठवते, आणि ते बंद कसे करायचे? उत्तर लेखी घ्यावे.

रुग्णानेही आपली माहिती कुठे ठेवली जाते, हे विचारायला संकोचू नये. विचारणे म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास नव्हे. मात्र भीतीपोटी आजार लपवणे सर्वात महाग पडते. खोकला तीन आठवड्यांचा असताना ‘दोन दिवसांपासून आहे’ असे सांगणाऱ्याचा क्षयरोग उशिरा सापडतो, आणि तोवर घरातल्यांनाही त्याची लागण होऊ शकते. रुग्ण खरे बोलतो तो आपले बोलणे चार भिंतींत राहील या भरवशावर, आणि निदानाची सुरुवात त्या खऱ्या बोलण्यातूनच होते.

म्हणून पुढच्या वेळी प्रिंटर बिघडला आणि पडद्यावर चौकट उघडली, की डॉक्टरांनी त्या मुलाला एवढेच म्हणावे, ‘थांब रे, एक मिनिट, मला वाचू दे.’ बाहेरच्या रांगेला मिनिटभर उशीर होईल, पण तो उशीर तिच्याच भल्याचा असेल.