डहाणू-तलासरीची सहल : चित्र पाहा, चित्रामागचा माणूसही पाहा

भाताची झोडणी उरकली, कणग्या भरल्या की गावोगावी सहलीचा विषय निघतो. भजनी मंडळ पंढरपूरला जाते, महिला बचत गट अष्टविनायक करतो, शाळेची मुले किल्ल्यावर जातात. यंदा आपल्या मंडळाने थोडी वेगळी वाट धरावी. पंधरा-वीस जणांनी मिळून पालघर जिल्ह्यातले डहाणू आणि तलासरी हे दोन तालुके दोन दिवस नीट पाहावेत. खर्च बेताचा आहे आणि घरी आल्यावर बोलायला पुष्कळ काही उरते.

पिकते तिथे विकत नाही म्हणतात, ते या मुलखाला तंतोतंत लागू आहे. जपानच्या निईगाता प्रांतात तोकामाची नावाचे गाव आहे. भातशेतीचा आणि हिवाळ्यात ढिगांनी बर्फ पडण्याचा तो भाग. तिथे एका जुन्या शाळेच्या इमारतीत तोकियो हासेगावा या गृहस्थांनी १९८२ साली एक संग्रहालय उघडले. बिहारच्या मिथिला चित्रांबरोबर तिथे आपल्या डहाणूची वारली चित्रेही आहेत. गंजाडचे जिव्या सोमा मशे तिथे राहून चित्रे काढून आले. जपानी माणसे वाट वाकडी करून ती पाहायला जातात. आपली गाडी मात्र चारोटीला चहापुरती थांबते आणि महामार्गाने सरळ पुढे निघून जाते!

तेव्हा जायचे ठरले, तर कसे जावे? विरारच्या पुढे डहाणू रोडपर्यंत २०१३ पासून लोकल गाड्या येतात. स्टेशनवर उतरून दोन जीपगाड्या ठरवाव्यात. आणखी एक गोष्ट आधीच करावी. त्या भागातलाच एखादा जाणता माणूस वाटाड्या म्हणून बरोबर घ्यावा आणि त्याची दोन दिवसांची मजुरी निघण्यापूर्वीच ठरवावी. पाड्याची वाट, तिथली बोली आणि रीतभात त्यालाच ठाऊक असते. परका माणूस एकटाच अंगणात शिरला तर त्याला झोपडी दिसते. ओळखीच्या माणसाबरोबर गेला तर त्याला घर दिसते.

बहुतेक सहली चित्रांपासून सुरू होतात. तुम्ही मात्र पहिल्या दिवशी सकाळी तलासरी तालुक्यातल्या झरी गावी जा. तिथे पाहण्यापेक्षा ऐकण्यासारखे जास्त आहे. वाटाड्याला सांगा, की १९४५ सालची हकीकत सांग.

त्या काळी इथल्या वारल्यांच्या जमिनी सावकार-जमीनदारांच्या हातात गेल्या होत्या. वेठबिगार घरोघर होती. त्यातही सर्वांत वाईट प्रकार ‘लग्नगडी’चा. गरीब वारली तरुण लग्नासाठी मालकाकडून थोडे पैसे उचली आणि त्या कर्जापोटी नवराबायको दोघेही मालकाच्या घरी राबू लागत. कर्ज काही केल्या फिटत नसे. मंगलकार्य झाले त्याच दिवशी गुलामी सुरू होई. घरात लग्न काढताना आपल्यालाही कर्जाचा विचार करावा लागतो. त्या जोडप्यांवर काय गुदरले असेल ते शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको.

१९४५ च्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेचे अधिवेशन झाले. तिथे गेलेली वारली मंडळी नवा विचार घेऊन परतली. त्यांत माह्या धांगडा हे एक होते. मग २३ मे १९४५ रोजी झरी येथे हजारो वारली जमले. रोजाला बारा आणे मजुरी मिळाल्याशिवाय मालकाच्या शेतावर जायचे नाही, वेठ करायची नाही, असा त्यांनी निर्धार केला. शामराव आणि गोदावरी परुळेकर हे पतिपत्नी त्यांच्या पाठीशी उभे राहिले. गावोगाव लग्नगडी सोडवण्यात आले. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाडा येथे जमलेल्या जमावावर गोळीबार झाला. त्यात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मृत्यू पावले. गोदावरीबाईंनी ही सारी कहाणी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिली आहे. सहलीला निघण्यापूर्वी मंडळातल्या एकाने तरी ते वाचून ठेवावे आणि गाडीत बाकीच्यांना सांगावे.

हे ऐकून झाले की दुपारी डहाणू तालुक्यातल्या गंजाडला जा. आता चित्रे पाहा. वारली चित्र मुळात लग्नाचे चित्र आहे. लग्नघरातली कुडाची भिंत शेणाने आणि गेरूने सारवतात. तांदळाचे पीठ पाण्यात कालवून, बांबूच्या काडीचे टोक ठेचून सवाशिणी त्या भिंतीवर चौक लिहितात. चौकात पालघाट देवी असते. शेजारच्या लहान देवचौकात घोड्यावर बसलेला पंचशिऱ्या असतो. भोवती झाडे, पाखरे, शेतात राबणारी माणसे आणि तारप्याचा नाच. लग्न लावते ती धवलेरी. ती बाई असते, आणि तिच्या गाण्यांवाचून लग्न लागत नाही. दोन त्रिकोण टोकाला टोक लावले की माणूस उभा राहतो, इतकी साधी ही रीत.

आता सकाळी ऐकलेली गोष्ट आठवा. ज्या लग्नापायी माणूस जन्माचा गडी होई, त्याच लग्नाचा हा चौक. कर्जाच्या ओझ्याखालीही त्या घरच्या बायांनी भिंतीवर देवीला बसवायचे सोडले नाही. झरी न पाहता गंजाड पाहिले तर ही चित्रे नुसती शोभेची वाटतात. म्हणूनच हा क्रम चुकवू नये.

ही कला भिंतीवरून कागदावर आली ती १९७० नंतरच्या वर्षांत. भास्कर कुलकर्णी हे चित्रकार पाड्यांवर फिरले, त्यांनी लोकांना कागद आणि रंग दिले. बायकांच्या या कलेत जिव्या सोमा मशे यांनी हात घातला आणि रोजच्या जगण्यातले विषय आणले. मासे धरायचे जाळे, मुंग्यांची रांग, भाताची कापणी. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. २०१८ च्या मे महिन्यात ते वारले. त्यांच्या घरची पुढची पिढी आणि आसपासच्या पाड्यांवरची कित्येक माणसे आज चित्रे काढतात.

इथे चित्र विकत घ्याल, तेव्हा एक विचार करा. आपण पिकवलेल्या मालाला आडत्याने पाडून भाव दिला की आपला जीव किती तळमळतो! मग चित्रकाराशी घासाघीस कशाला? ‘याला किती दिवस लागले?’ असे विचारा, दिवसाची मजुरी मनात धरा आणि पैसे त्याच्याच हातात द्या. शहरातल्या दुकानात छापील वारली नक्षीच्या पिशव्या स्वस्त मिळतात, पण त्यांतले काही पाड्यापर्यंत पोचेलच असे नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोसबाडच्या टेकडीवर जा. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि पुढे ते कोसबाडला आणले. अनुताई वाघ यांची त्यांना साथ होती. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच मुलांच्या अंगणात न्यावी, म्हणून अंगणवाडी. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा. १९७५ साली सरकारची बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. तुमच्या गावातल्या अंगणवाडीचे माहेर इथे आहे, हे सेविकाताईंना आवर्जून सांगा. येताना घोलवडला चिकूच्या वाड्या पाहा. लांब काठीच्या जाळीने फळ उतरवणे, आकाराप्रमाणे निवडणे, चकत्या वाळवणे, हे सारे समजून घेण्यासारखे आहे. घोलवडच्या चिकूला आणि वारली चित्रकलेला, दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. चैत्रात गेलात तर विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची यात्राही साधेल.

काही पथ्ये पाळा. विचारल्याशिवाय फोटो काढू नका. देव मांडलेल्या जागी परवानगीवाचून पाऊल टाकू नका. मुलांपुढे गोळ्या उधळू नका. द्यायचेच तर शाळेत वह्या द्या. तारपा भात तयार होण्याच्या दिवसांतला. आपल्या हौसेसाठी अवेळी वाजवायचा आग्रह धरू नका. जेवण पाड्यावरच सांगा. तांदळाची नाही तर नागलीची भाकरी मिळेल, आणि त्या घरच्या बाईला चार पैसे मिळतील.

या भागातून आता बुलेट ट्रेनचा मार्ग जातो आहे. वाढवणच्या बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली. कोळी, शेतकरी आणि आदिवासी यांच्या मनात जमिनीची आणि समुद्राची काळजी आहे. त्यांनी बोलायला सुरुवात केली तर ऐकून घ्या. जमीन जाण्याची धास्ती काय असते, हे शेतकऱ्याइतके दुसऱ्या कोणाला कळणार? जाताना आपल्या वाडीतले काहीतरी बरोबर न्या. बी-बियाणे, गूळ, लोणचे, काहीही चालेल. पाहुण्याने रिकाम्या हाताने जाऊ नये, आणि त्या घरच्यांनाही आपल्या गावी यायचे आमंत्रण दिल्याशिवाय परतू नये.