विश्लेषण : विचार करायला लावणारे प्रश्न वर्गात का टिकत नाहीत?

‘पानशेत धरण कधी फुटले?’ या प्रश्नाला ‘१२ जुलै १९६१’ एवढे उत्तर पुरते. ‘पुण्याला दोन तास आधी इशारा मिळाला असता, तर काय वाचले असते आणि काय नाही?’ यासाठी मात्र नकाशा, नदीचा उतार, वस्त्यांच्या जागा असे सारे जुळवावे लागते. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी १९५६ मध्ये मांडलेल्या उतरंडीत पहिला प्रश्न तळाशी येतो, दुसरा बराच वर.

सीबीएसईने २०२४-२५ पासून अकरावी-बारावीत क्षमताधारित प्रश्नांचा वाटा ४० वरून ५० टक्क्यांवर नेला, तो याच दिशेने. पण तोच प्रश्न उत्तरासह गाइडमध्ये छापून आला, की तोही पाठांतराचाच!

खरी अडचण याहून साधी आहे. प्रश्न विचारल्यावर शिक्षक किती थांबतात, हे अमेरिकेतील संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात मोजले. सरासरी सुमारे एक सेकंद! ही शांतता तीन सेकंदांवर गेली तेव्हा मुलांची उत्तरे लांबली, एरवी गप्प असणारीही बोलू लागली. आपल्याकडे साठ मुलांच्या वर्गात पहिला हात वर करणाराच उभा राहतो. घंटेआधी धडा संपवायचा असतो.